पक्षिज्वराच्या विषाणूची वंशावळ

इ. स. २००६ च्या फेब्रुवारीत नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे कोंबड्या मोठ्या संख्येने मरू लागल्या. कारण इन्फ्लुएंझाचा एच५एन१ विषाणू हेच, असे भोपाळच्या प्रयोगशाळेने निश्चित केले. भारतातील पाळीव पक्ष्यांत त्याची ही पहिलीच नोंद होय. लक्षावधी पक्षी मारावे लागले. तेव्हा हा रोग आला कोठून, हा प्रश्न साहजिकच उभा राहिला.

त्याचे उत्तर विषाणूच्या जनुकांत शोधावे लागते. त्याचा जनुकीय मजकूर आर.एन.ए.च्या आठ तुकड्यांत विभागलेला असून त्यात सुमारे १३,५०० अक्षरे असतात. प्रत उतरताना चुका होतात आणि त्यांपैकी काही पुढील पिढ्यांत टिकून राहतात. पुण्याच्या भांडारकर संस्थेत महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीसाठी समान पाठांवरून पोथ्यांची कुळे ठरविण्यात आली, तशीच ही रीत आहे. तिच्यानुसार नवापूरचा विषाणू २.२ या शाखेत बसला. चीनमधील छिंगहाई सरोवरावर २००५ मध्ये रानपक्ष्यांचा संहार करणारा विषाणूही त्याच शाखेचा. २०११ पासून भारतात २.३.२.१ या शाखेचे विषाणू आढळू लागले. जुनाच विषाणू पुन्हा उफाळला नव्हता, बाहेरून नवा आला होता, असे त्यावरून म्हणता येते.

मात्र पोथीचे कुळ कळले तरी ती कोणी वाहून आणली हे कळतेच असे नाही. दोष रानपक्ष्यांचा की कोंबड्यांच्या व्यापाराचा, याचा निवाडा केवळ अक्षरांवरून करणे धाडसाचे होय. त्यातच, एका पेशीत दोन विषाणू शिरल्यास तुकड्यांची अदलाबदल होते; म्हणून आठही तुकड्यांची वंशावळ वेगवेगळी मांडावी लागते.

कोंबडीपालकाच्या दृष्टीने कुळापेक्षा मारकता महत्त्वाची. हीमॅग्लुटिनिन हे प्रथिन एका ठराविक जागी चिरले गेल्यावाचून विषाणू पेशीला बाधू शकत नाही. सौम्य विषाणूत ही चीर देणारी विकरे मुख्यतः श्वसनमार्गात व आतड्यात भेटतात, म्हणून रोग तेथेच राहतो. त्या जागी आम्लारिधर्मी अमिनो आम्लांची सलग रांग असेल तर फ्युरिनसारखी, बहुतेक सर्व ऊतींत असणारी विकरे ते काम करतात आणि विषाणू सर्वांगात पसरतो. मेक्सिकोत १९९४-९५ मध्ये सौम्य एच५एन२ विषाणू कोंबड्यांत फिरता फिरता, त्याच जागी भर पडून प्राणघातक झाला. म्हणूनच एच५ वा एच७ विषाणू सापडला, की पक्षी निरोगी दिसत असले तरी प्रथम त्या जागेची अक्षरे वाचली जातात.