असईचे रणांगण आकाशातून

दिवाळीच्या सुटीत महाराष्ट्रातील अनेक गावी मुले अंगणात किल्ला करतात. विटांच्या ढिगाऱ्यावर पोते पसरले जाते, त्यावर चिखल थापला जातो, हिरवळीसाठी अळीव पेरले जाते आणि बुरुजांवर मातीचे मावळे उभे राहतात. किल्ल्याला नाव रायगडाचे असो वा देवगिरीचे, त्याचा डोंगर बहुधा मुलांच्या मनातलाच असतो. हाच किल्ला खऱ्या भूमीच्या मापाने करावयाचा ठरला तर काय करावे लागेल? जगभरातील युद्धखेळाच्या अभ्यासकांना हा प्रश्न नित्य पडतो, आणि त्याचे उत्तर आता बव्हंशी उपग्रहचित्रांतून शोधले जाते.

युद्धखेळ म्हणजे बुद्धिबळ नव्हे. बुद्धिबळाचा पट सपाट असतो. तेथे नदी आडवी येत नाही की उंट काळ्या चिखलात रुतत नाही. प्रशियाच्या सैन्यातील राइसविट्झ नामक अधिकाऱ्याने १८२४ साली जो युद्धखेळ सिद्ध केला, त्याचे वैशिष्ट्य हे की तो प्रत्यक्ष भूमीच्या मोठ्या प्रमाणावरील नकाशावर खेळावयाचा होता. तेव्हापासून भूमी हा या खेळाचा आत्मा ठरला. सैन्याच्या प्रशिक्षणात वाळूच्या प्रतिकृतीवर जो सराव केला जातो, तोही त्याच जातीचा.

अशा खेळांत वारंवार मांडली जाणारी एक लढाई आपल्या जालना जिल्ह्यातील आहे. भोकरदन तालुक्यातील असई येथे २३ सप्टेंबर १८०३ रोजी दौलतराव शिंदे व नागपूरकर रघूजी भोसले यांच्या संयुक्त फौजेची गाठ आर्थर वेलस्लीच्या फौजेशी पडली. हा वेलस्ली पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला. परतूरहून असई वायव्येस, सरळ रेषेत सुमारे पाऊणशे किलोमीटरवर आहे. १ मे १९८१ रोजी जालना जिल्हा अस्तित्वात आला तेव्हा भोकरदन तत्कालीन औरंगाबाद जिल्ह्यातून व परतूर परभणी जिल्ह्यातून त्यात समाविष्ट झाले. त्यापूर्वी शाळेत गेलेल्या परतूरकरांना असई ही 'आपल्या जिल्ह्यातील' म्हणून कोणी शिकविली नसणार, हे ओघानेच आले.

दोन नद्या आणि एक उतार

असईचे उपग्रहचित्र समोर घेतले की प्रथम दोन नद्या डोळ्यांत भरतात. दक्षिणेस केळणा, उत्तरेस जुई. दोघी पूर्वेकडे वाहत जाऊन एकमेकींस मिळतात आणि संगमाच्या अलीकडे भूमीची एक निमुळती जीभ तयार होते. जुईच्या काठावर असई गाव आहे. मराठ्यांची फौज केळणेच्या उत्तर तीरावर भोकरदनपासून असईपर्यंत पसरली होती. पोलमन या हॅनोव्हरच्या सेनानीच्या हाताखाली दहा हजारांहून अधिक कवायती पायदळ, शंभरांवर तोफा आणि सभोवार हजारोंचे घोडदळ असा तिचा थाट होता. वेलस्लीपाशी प्रत्यक्ष लढाईस उभे करण्याजोगे सैन्य साडेचार हजारांच्या आसपास. म्हैसूरचे व पेशव्यांच्या बाजूचे घोडदळ त्याखेरीज.

वेलस्लीला हेरांनी सांगितले होते की शत्रू भोकरदनास आहे. ते खोटे नव्हते. पण भोकरदन हे गावाचेही नाव आणि परगण्याचेही. मराठ्यांची उजवी बाजू भोकरदनास होती आणि ज्या पायदळावर त्याला चालून जावयाचे होते ते डावीकडे, असईला, सहा ते आठ मैलांवर होते, असे त्याने पुढे एका पत्रात स्पष्ट केले आहे. शासकीय कामात 'परतूर' म्हणताना गाव अभिप्रेत आहे की तालुका, याचा उलगडा न झाल्याने कागद कसे फिरतात हे आपण जाणतोच. येथे त्यापायी सैन्य अनपेक्षितपणे शत्रूसमोर येऊन ठेपले. कर्नल स्टीव्हन्सनची दुसरी फौज डोंगरांच्या पलीकडून यावयाची होती व दोघांनी मिळून दुसऱ्या दिवशी हल्ला करावयाचा होता. वेलस्लीने तिची वाट न पाहता लढण्याचे ठरविले.

त्यासाठी केळणा ओलांडणे भाग होते आणि मराठ्यांच्या तोफांसमोरून ती ओलांडणे म्हणजे आत्मघात. वाटाड्यांनी दुसरा उतार नसल्याचे सांगितले. वेलस्लीला मात्र मराठ्यांच्या डाव्या बगलेपलीकडे दोन गावे दिसली, एक या तीरावर, एक त्या तीरावर: पिंपळगाव आणि वरूड. समोरासमोर वसलेल्या दोन गावांची माणसे एकमेकांकडे जात-येत असणारच, म्हणजे येथे उतार असलाच पाहिजे, असा तर्क त्याने केला. कॅप्टन जॉन्सन या इंजिनिअरने पाहणी करून उतार असल्याचे कळविले आणि फौज तेथून पार झाली.

उपग्रहचित्र वाचण्याची कला म्हणजे नेमका हाच तर्क. चित्रात 'उतार' असे कोठेही लिहिलेले नसते. नदीच्या दोन्ही काठांवर येऊन थांबणाऱ्या गाडीवाटा, त्यांच्या समोरासमोरच्या रेषा, मध्ये पसरट व फिकट दिसणारे वाळूचे पात्र, एवढ्यावरून तो ओळखावा लागतो. वेलस्लीने हे जमिनीवरून पाहिले, आपण शेकडो किलोमीटर उंचीवरून पाहतो. तर्काची जात एकच.

पुढची हकीकत भूमीनेच घडविली. इंग्रज फौज दोन नद्यांमधील जिभेवर उतरताच पोलमनने आपली फळी काटकोनात फिरवून उजवी बाजू केळणेला आणि डावी असई गावाला टेकविली. ही हालचाल अतिशय शिस्तीने झाली. दोन्ही बगलांना नद्या असल्यामुळे मराठ्यांच्या अफाट घोडदळाला वळसा घालून तुटून पडण्यास जागा उरली नाही. उलट इंग्रजांची उजवी तुकडी आज्ञेचा अर्थ चुकून असईच्या तटबंदीकडे भरकटली आणि तेथील तोफांपुढे ७४ व्या हायलँडर पलटणीची अक्षरशः चाळण झाली. दिवसअखेर मराठ्यांच्या ९८ तोफा इंग्रजांच्या हाती पडल्या. इंग्रज बाजूचे ४२८ ठार, ११३८ जखमी व १८ बेपत्ता, म्हणजे लढलेल्यांपैकी तिसऱ्या हिश्श्याहून अधिक. हे आकडे तपशीलवार छापले गेले. शिंदे-भोसल्यांच्या बाजूस सुमारे १२०० मृत, हा विजेत्यांनी केलेला अंदाज. खेळाच्या पटावर सोंगटी उचलून बाजूला ठेवणे सोपे असते, म्हणून शिक्षकांनी हे आकडे मुलांसमोर आधी ठेवावेत असे प्रस्तुत लेखकास वाटते.

चित्र काय दाखवीत नाही

त्या काळी या मुलखाचा शास्त्रशुद्ध नकाशा नव्हता. विल्यम लॅम्बटनने मद्रासजवळ पायारेषा मोजण्यास आरंभ केला तो १८०२ साली. हा लॅम्बटन वेलस्लीच्याच ३३ व्या पलटणीतला. मोजणी करीत करीत तो उत्तरेस सरकत गेला आणि १८२३ साली आपल्या हिंगणघाट येथे निवर्तला. आज आपल्यापाशी साधनांची रेलचेल आहे. भारताचा आय.आर.एस.-१ए हा उपग्रह १७ मार्च १९८८ रोजी सोडण्यात आला, तेव्हा त्याच्या उत्तम कॅमेऱ्यासही सुमारे ३६ मीटरपेक्षा लहान वस्तू वेगळी दिसत नसे. मे २००५ मध्ये गेलेल्या कार्टोसॅट-१ ने हे अंतर अडीच मीटरवर आणले, आणि दोन कोनांतून चित्रे घेऊन भूमीची उंचीही मोजली. इस्रोचे 'भुवन' हे संकेतस्थळ २००९ पासून उपलब्ध आहे. युरोपच्या सेंटिनेल-२ उपग्रहांची दहा मीटर तपशिलाची चित्रे कोणासही विनामूल्य मिळतात.

तरीही चित्रावर विसंबून १८०३ चा पट मांडू गेल्यास तीन-चार ठिकाणी हमखास फसगत होते. पहिली ऋतूची. लढाई सप्टेंबरअखेरची, म्हणजे नद्यांना पाणी आणि खरिपाची पिके उभी. त्या दिवसांत आकाश ढगाळ असल्याने स्वच्छ चित्रे बहुतेक ऑक्टोबर ते मे या काळातील असतात. उन्हाळ्यातील चित्रात केळणा पाहिली तर हिला ओलांडण्यास उतार शोधण्याचे प्रयोजन काय, असेच वाटेल. ढगांतून पाहणाऱ्या रडार उपग्रहांची चित्रे येथे साहाय्यास येतात, परंतु ती वाचण्यास सराव हवा. दुसरी फसगत काळाची. चित्रातील विहिरी, शेततळी, डांबरी रस्ते, जुईवरील धरण हे सारे नंतरचे. समृद्धी महामार्गावरून शिंद्यांचा तोफखाना नेता येणार नाही! तिसरी नावाची. पिंपळगाव शोधू जावे तर जिल्ह्यात पिंपळगावे अनेक. आणि जुन्या इंग्रजी कागदांत केळणेची 'कैतना' व जुईची 'जुआ' झालेली. नदीच्या प्रवाहावरून बोट फिरवीतच गावापर्यंत यावे, नाव टंकून नव्हे.

सर्वांत मोठी अडचण उंचीची आहे. फेब्रुवारी २००० मध्ये अमेरिकी अंतराळयानाने रडारने केलेल्या मोजणीची किंवा कार्टोसॅटची मोफत मिळणारी उंचीची माहिती साधारणतः तीस मीटरच्या चौकोनांत असते. दहा मीटर रुंदीचा, उभ्या दरडींचा ओढा त्या चौकोनात विरून जातो. तोफेचा गाडा अडविणारा तर तोच. म्हणून चित्र पाहून झाल्यावर गावात जावे आणि विचारावे: बैलगाडी कोठून उतरते, पावसाळ्यात कोणती पाणंद बंद पडते, दरड कोठे ढासळली. मेंढपाळ आणि वयोवृद्ध शेतकरी यांच्याइतका अचूक उंचीदर्शक नकाशा कोणत्याही संगणकात नाही.

प्रतिकृती करताना एक हिशेब ध्यानी ठेवावा. दहा हजारास एक हे प्रमाण घेतले तर पाच किलोमीटरची भूमी अर्ध्या मीटरच्या फळीवर मावते. पण दहा मीटर उंचीची दरड केवळ एक मिलिमीटर भरते आणि मुलांच्या बोटांना ती लागतही नाही. उंची पाचपट वाढवून दाखविण्यास हरकत नाही, मात्र तसे फळीवर लिहावे. अन्यथा मुले भोकरदनास सह्याद्री समजतील.

परतूरच्या शाळांनी आरंभ असईपासून करावा असे नाही. आपल्या तालुक्याचे चित्र काढावे. मनमाड-सिकंदराबाद लोहमार्गाची रेघ, काळ्या रानातील शेतांचे तुकडे, वळणे घेत आग्नेयेस जाणारी दुधना, आणि सेलू तालुक्यात ब्रह्मवाकडीजवळ बांधलेल्या निम्न दुधना धरणाचा इकडे पसरलेला फुगवटा. फुगवट्याच्या काठाशी येऊन थेट पाण्यात शिरणाऱ्या वाटा चित्रात नीट पाहिल्यास आढळतील. समोरच्या तीरावर त्यांची दुसरी टोके शोधावीत. लँडसॅट उपग्रहांची १९७२ पासूनची चित्रे जतन केलेली आहेत व ती विनामूल्य मिळतात. धरणापूर्वीचे चित्र मिळवून शेजारी ठेवावे. जेथे दोन टोके जुळतील तेथे कधीकाळी उतार होता. त्याला लोक काय म्हणत, श्रावणात तेथे पाणी कमरेइतके असे की छातीइतके, बाजाराला जाणाऱ्या गाड्या कोणत्या महिन्यापासून तेथून जात, हे सांगणारी माणसे आज सत्तरी-ऐंशीच्या घरात आहेत. ग्रामपंचायत सदस्यांनी शाळेतील मुलांना वही-पेन्सिल देऊन येत्या सुटीत त्यांच्याकडे पाठवावे आणि मिळतील ती नावे गावनकाशाच्या प्रतीवर त्या त्या ठिकाणी लिहून घ्यावीत.