जीर्ण कौटुंबिक छायाचित्रांची पुनर्रचना : पाठचिकित्सेच्या दृष्टीने

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली. त्या अतिवृष्टीत कल्याण परिसरातील सखल वस्त्यांत पुराचे पाणी शिरले. जुलै २०१९ मध्ये उल्हास नदीच्या पुराने बदलापूर-कल्याण पट्ट्याला तोच अनुभव पुन्हा दिला. पुरात गेलेली भांडीकुंडी कालांतराने नवी घेता येतात. तळमजल्यावरील कपाटात ठेवलेल्या छायाचित्रांविषयी तसे म्हणता येत नाही. त्यांच्या मूळ काचा अथवा निगेटिव्ह बहुधा केव्हाच नष्ट झालेल्या असतात आणि हाती उरलेला कागद, ग्रंथसंपादनाच्या परिभाषेत सांगावयाचे तर, एकमेव पोथी ठरतो. ठाणे-डोंबिवलीच्या खाडीकाठी पूर न येताही दमट हवा व बुरशी हेच कार्य सावकाश करीत असतात. एकमेव पोथीचे संपादन ज्या शिस्तीने होते, ती शिस्त छायाचित्रांच्या दुरुस्तीत मात्र क्वचितच पाळली जाते.

प्रथम द्रव्याचा विचार करू जाता, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून रूढ झालेल्या कृष्णधवल छायाचित्रांत कागदावर जिलेटिनचा थर असतो व त्यात चांदीचे सूक्ष्म कण विखुरलेले असतात. भिजले की जिलेटिन फुगते व चिकट होते. एकमेकांवर वाळलेली छायाचित्रे ओढून सुटी करू गेल्यास एकातील चेहरा दुसऱ्याच्या पाठीला चिकटून निघतो. म्हणून भिजलेला गठ्ठा वाळू न देता स्वच्छ थंड पाण्यात ठेवावा, दोन दिवसांच्या आत एकेक छायाचित्र अलगद सुटे करावे आणि चित्राची बाजू वर ठेवून टिपकागदावर वाळवावे. तसबिरीच्या काचेला चिकटून वाळलेले छायाचित्र खरवडून काढू नये. काचेसकटच त्याची प्रतिकृती घ्यावी. पाण्यात ठेवण्यापूर्वी मागील बाजू टिपून घेणे मात्र अगत्याचे, कारण तेथील शाई, विशेषतः कॉपिंग पेन्सिलीचा जांभळा रंग, पाण्यात विरघळतो.

द्रव्य वाचल्यानंतर प्रश्न उभा राहतो तो लुप्त भागाचा. स्कॅन केलेल्या प्रतिमेवरील डाग पुसणे, ओरखडे बुजविणे ही कामे संगणकीय आज्ञावली आज काही क्षणांत करतात. कृत्रिम बुद्धिमत्तेवर आधारलेल्या आज्ञावली तर असंख्य अन्य चेहऱ्यांच्या आधारे नवा डोळा, नवी जिवणी बसवितात. पाठचिकित्सेत कठीण पाठ हा सोप्या पाठापेक्षा सामान्यतः अधिक ग्राह्य मानतात, कारण लेखनिकाची प्रवृत्ती अपरिचिताच्या जागी परिचित शब्द घालण्याची असते. आज्ञावलीची प्रवृत्ती नेमकी त्या लेखनिकाची आहे. तिला कपाळावरचे कुंकू डाग वाटू शकते आणि नथीची तार ओरखडा.

रंग भरण्याची हौस याहून निसरडी. आरंभीच्या काचांवरील रसायन मुख्यतः निळ्या प्रकाशालाच संवेदनशील होते. पुढे आलेल्या ऑर्थोक्रोमॅटिक काचा व फिल्म तांबड्या रंगाला आंधळ्याच राहिल्या. त्यामुळे अशा छायाचित्रांत कुंकू काळे दिसते, तांबडी पगडी गडद दिसते, निळे लुगडे फिकट दिसते. आरंभीच्या काचांवर हळदीचा पिवळा रंगही काळवंडतो. करड्या छटेवरून मूळ रंगाकडे परतण्याची वाट येथे उरत नाही. हिरवे लुगडे दाखविणारी रंगीत प्रत म्हणजे साक्ष नव्हे, केवळ तर्क. आणि तोही पुष्कळदा आजच्या लग्नाच्या अल्बमवरून केलेला.

मागील बाजूचा लेख, मग तो देवनागरीत असो वा मोडीत, भाषेच्या अभ्यासकास विशेष उपकारक ठरतो. ‘चि.’, ‘सौ.’, ‘गं. भा.’, ‘कै.’ ही उपपदे व्यक्तीची अवस्था सांगतात. परंतु ती अवस्था लेखनसमयीची, छायाचित्र घेतले त्या वेळची असेलच असे नाही. समजा, मागे नावापूर्वी ‘गं. भा.’ असे लिहिलेले आहे आणि चित्रात कपाळावर कुंकू आहे. यावरून सरळ अनुमान निघते की, छायाचित्र पती हयात असतानाचे असून लेख मागाहूनचा आहे. आता आज्ञावलीने कुंकू डाग समजून पुसले तर ही उपयुक्त विसंगतीच नाहीशी होते. लेख व चित्र परस्परांना दुजोरा देऊ लागतात, छायाचित्राचा काळ वैधव्यानंतरचा ठरतो आणि चूक स्वतःचेच प्रमाण बनते. लेखनपद्धतीच्या पुराव्याचेही असेच आहे. ‘ठाणें’, ‘घरीं’ यांवरील अनुस्वार १९६२ च्या शुद्धलेखन-नियमांपूर्वीच्या वळणाचे खरे; पण ते वळण ज्यांच्या हातात बसले होते त्यांतील अनेकांनी पुढेही ते सोडले नाही. तेव्हा अनुस्वारावरून लेखकाच्या शालेय शिक्षणाचा काळ कळतो, लेखाचा नव्हे.

विष्णु सीताराम सुकथनकर यांच्या संपादकत्वाखाली महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीत अनिश्चित पाठाखाली नागमोडी रेघ देण्यात आली. ऐतिहासिक भाषाविज्ञानात प्रत्यक्ष न आढळलेल्या, पुनर्रचित रूपापूर्वी तारांकन करतात. छायाचित्रात भरलेल्या भागालाही असे काही चिन्ह हवे: निदान मूळ स्कॅन अस्पर्शित राखून दुरुस्त प्रत वेगळी ठेवावी आणि तिच्यासोबत कोणता भाग मूळचा, कोणता भरलेला, याची नोंद असावी. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली. तिचा प्रसार इतका झाला की एकनाथपूर्व पाठाचा शोध हे पुढील संशोधकांपुढील स्वतंत्र कार्य होऊन बसले. राजवाड्यांची १९०९ ची ज्ञानेश्वरी त्याच शोधातून आली. एकनाथांपाशी अधिकार होता. आज्ञावलीपाशी केवळ वेग आहे. दुरुस्त प्रत नातेवाइकांच्या भ्रमणध्वनींवरून फिरते आणि मूळ कागद कपाटातच कुजत राहतो.

व्यक्तींची ओळख पटविताना घरातील वृद्धांची साक्ष घ्यावी लागते, व ती विलंब न लावता घ्यावी. मागच्या रांगेतील तरुणाला एक आत्या ‘बाळूकाका’ म्हणते आणि दुसरी ‘मामांचा मधला’ म्हणते, अशा वेळी संपादकाने निवाडा करण्याची घाई करू नये. दोन्ही नावे, सांगणारीच्या नावासह व तारखेसह, पाठभेद म्हणून नोंदवावीत, आणि त्या तरुणाचा विटलेला चेहरा विटलेलाच राहू द्यावा.