दुभत्या जनावराचा कासदाह व पेनिसिलीनचा वापर

रात्री विरजलेले दूध सकाळी जसेच्या तसे पातळ राहिले, की गृहिणी प्रथम विरजणाला दोष देते, मग थंडीला. क्वचित कोणाच्या नजरेलाही देते. परंतु ज्या घरच्या गायीला आदल्याच दिवशी दगडीवर इंजेक्शन दिलेले असते, त्या घरी दही न लागण्याचे कारण बहुधा त्या इंजेक्शनातच सापडते. दुधाचे दही करणारे जंतू पेनिसिलीनच्या जातीच्या औषधांपुढे फार दुबळे असतात. कासेतील रोगजंतूंना मारण्यासाठी दिलेले औषध धारेबरोबर बाहेर पडते आणि भांड्यातील या उपकारक जंतूंनाही निकामी करते. तेच दूध घरातील मुलांच्या पोटी जाते व किटलीतून दूध संस्थेच्या टाकीतही जाते. ती गोष्ट मात्र बिघडलेल्या दह्यासारखी डोळ्यांना दिसत नाही.

पेनिसिलीन, अँपिसिलीन, अमॉक्सिसिलीन व क्लॉक्सासिलीन ही सर्व एकाच कुळातील औषधे होत. या कुळाचे मूळ एका बुरशीत आहे. लंडनच्या सेंट मेरीज रुग्णालयात १९२८ साली अलेक्झांडर फ्लेमिंग यांना जंतू वाढविण्याच्या बशीत एक बुरशी उगवलेली व तिच्या भोवतालचे जंतू नाहीसे झालेले आढळले. तथापि त्या बुरशीच्या रसातून औषध वेगळे काढून ते रोग्यास देण्याजोगे करावयास आणखी बारा वर्षे लागली. हे काम ऑक्सफर्ड येथे फ्लोरी, चेन, हीटली व त्यांचे सहकारी यांनी केले. १९४१ साली त्यांनी ज्या रोग्यावर प्रथम उपचार केला, तो एक पोलीस शिपाई होता. औषध सुरू होताच त्याला उतार पडू लागला. पण साठा अगदी थोडा होता. त्याच्या लघवीतून औषध परत मिळवून ते पुन्हा टोचण्यापर्यंत मजल गेली, तरी ते पुरले नाही. रोग उलटला आणि तो दगावला. औषध निकामी नव्हते, ते मध्येच संपले होते. आज औषधाचा तुटवडा नाही. पण दुसऱ्या दिवशी कासेची सूज ओसरलेली पाहून जो पशुपालक तिसऱ्या दिवसाचे इंजेक्शन टाळतो, तो त्या रोग्याची स्थिती आपल्या हाताने निर्माण करीत असतो.

आपल्या राज्याचा या औषधाशी संबंध जुना आहे. पुण्याजवळ पिंपरी येथे जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांच्या साहाय्याने १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला व १९५५ साली तेथे पेनिसिलीनचे उत्पादन सुरू झाले. त्यापूर्वी हे औषध परदेशातून आणावे लागत असे. अमॉक्सिसिलीन हे त्यानंतरचे. ते १९७२ च्या सुमारास वापरात आले.

औषध कसे काम करते

जंतूच्या शरीराभोवती एक बळकट भिंत असते. जंतू वाढू लागला, की त्याला ही भिंत सतत बांधावी लागते. पेनिसिलीन या बांधकामातील गवंड्याचाच हात धरते. भिंत अपुरी राहते, जंतू फुगतो व फुटतो. जनावराच्या किंवा माणसाच्या शरीरातील पेशींना अशी भिंतच नसते, म्हणून हे औषध जंतूंना घातक असूनही शरीराला इतर अनेक औषधांच्या मानाने सौम्य ठरते.

याच कार्यपद्धतीतून वापराचे नियमही निघतात. बांधकाम चालू असेल तेव्हाच भिंत ढासळते. म्हणून रक्तातील व दुधातील औषधाचे प्रमाण पुरेशा पातळीवर सतत राहिले पाहिजे. एकदाच मोठी मात्रा देऊन पुढे खंड पाडण्यापेक्षा ठरलेली मात्रा ठरलेल्या अंतराने देणे अधिक गुणकारी असते. जंतूंची वाढ नुसती थोपवून धरणारी टेट्रासायक्लीनसारखी औषधे पेनिसिलीनसोबत दिल्यास पेनिसिलीनचा जोर कमी होण्याचा संभव असतो. तेव्हा दोन औषधे दिली म्हणजे दुप्पट गुण येईल, हा समज सोडून द्यावा.

कासदाहातील जंतू

कासदाह, म्हणजे बोलीभाषेतील दगडी, हा एकच रोग समजला जातो. परंतु त्याला कारण होणारे जंतू निरनिराळे असतात आणि पेनिसिलीनचे यश त्यांच्यावरच अवलंबून असते. स्ट्रेप्टोकॉकस ॲगॅलॅक्टी हा जंतू मुख्यतः कासेतच राहतो व धार काढणाऱ्याच्या हातांनी एका गायीकडून दुसरीकडे जातो. तो पेनिसिलीनला बहुधा लवकर वश होतो. स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा मात्र चिवट. तो कासेच्या ऊतकात बारीक गळवे करून त्यांत दडून बसतो, आणि त्याच्या कित्येक जाती पेनिसिलीनचे तुकडे करणारा पेनिसिलिनेज नावाचा पदार्थ तयार करतात. अशा वेळी क्लॉक्सासिलीन किंवा क्लॅव्हुलॅनिक आम्ल मिसळलेले अमॉक्सिसिलीन वापरण्यात येते. तरीही जुन्या रोगात यश कमीच मिळते. शेणामातीतून येणाऱ्या ई. कोलाय या जंतूवर साध्या पेनिसिलीनचा उपयोग होत नाही. त्याच्या सौम्य स्वरूपात जनावराचे शरीर पुष्कळदा स्वतःच जंतूंचा नाश करते. उग्र स्वरूपात मात्र गाय काही तासांत आडवी होते व तेव्हा पशुवैद्यास तातडीने बोलावणे हाच मार्ग उरतो.

यास्तव औषधाचा पहिला थेंब देण्यापूर्वी दुधाचा नमुना घेऊन ठेवणे इष्ट होय. सड धुऊन कोरडा करावा, त्याचे टोक स्पिरिटच्या बोळ्याने पुसावे, पहिल्या तीन-चार धारा सोडून द्याव्या व नंतरची धार निर्जंतुक बाटलीत घेऊन, बाटली थंड ठेवून, ती पशुवैद्यकीय दवाखान्यामार्फत प्रयोगशाळेत पाठवावी. उपचारानंतर घेतलेल्या नमुन्यात जंतू मिळतीलच असे नाही. पुष्कळ ठिकाणी हे काम ‘गाय बरी झाली नाही तर पाहू’ म्हणून मागे टाकले जाते, आणि पाहण्याची वेळ येते तेव्हा पाहण्यासारखे काही शिल्लक नसते.

उपचाराची रीत

औषध कोणते, किती व किती दिवस, हे पशुवैद्याने ठरवावयाचे. पशुपालकाने काही गोष्टी जाणून असाव्या. प्रोकेन पेनिसिलीन हे दुधासारखे पांढरे दिसणारे औषध स्नायूत हळूहळू विरघळण्यासाठी बनविलेले असते. ते शिरेत गेल्यास जनावर एकाएकी बेफाम होऊन कोसळू शकते. म्हणून शिकाऊ हाताने ते टोचू नये. सडातून सोडावयाची नळी वापरण्यापूर्वी कास पूर्ण पिळून घ्यावी व सडाचे टोक स्पिरिटने पुसावे. न पुसलेल्या सडात नळी घालणे म्हणजे बाहेरची घाण औषधाबरोबर आत ढकलणे होय.

आणखी एक प्रकार आढळतो. घरात माणसांसाठी आणलेल्या अमॉक्सिसिलीनच्या कॅप्सूल भाकरीच्या तुकड्यात घालून गायीस चारल्या जातात. रवंथ करणाऱ्या मोठ्या जनावराच्या पोटात चारा पचविणाऱ्या जंतूंची जणू वसाहतच असते. तोंडावाटे दिलेले असे औषध ती वसाहत बिघडवते, गायीचे खाणे सुटते, आणि कासेपर्यंत पुरेसे औषध पोहोचतही नाही. ससे पाळणाऱ्यांनी तर अधिकच सावध राहावे. पेनिसिलीनच्या जातीचे औषध पोटात गेल्यास सशांच्या आतड्यांतील जंतूंचा तोल ढळून ते दगावतात.

दूध वेगळे ठेवण्याचे दिवस

उपचार चालू असताना व शेवटच्या मात्रेनंतर औषधाच्या वेष्टनावर लिहिलेल्या मुदतीपर्यंत दूध घरी वापरू नये व विकूही नये. ही मुदत औषधागणिक निराळी असते. पशुवैद्याने नेहमीपेक्षा अधिक मात्रा दिली असेल तर ती वाढते. औषध एकाच सडात सोडले तरी चारही सडांचे दूध वेगळे ठेवावे लागते, कारण कासेत सोडलेल्या औषधाचा काही अंश रक्तात मिसळून इतर सडांतही उतरतो.

दूध उकळले की औषध जाते, अशी समजूत सर्वत्र आहे. ती चुकीची आहे. उकळण्याने रोगजंतू मरतात. पेनिसिलीनचा बराच भाग तसाच राहतो. विरजण लागले म्हणजे दूध निर्दोष, हेही खरे नव्हे. दही लागू देण्याइतका अल्प अंशही मर्यादेहून अधिक असू शकतो. ही मर्यादा किती सूक्ष्म आहे पाहा. आंतरराष्ट्रीय अन्नमानकांनुसार दुधात पेनिसिलीन किंवा अमॉक्सिसिलीन यांचा अंश किलोमागे ४ मायक्रोग्रॅमहून अधिक असता कामा नये, म्हणजेच १० लाख किलो दुधात फक्त ४ ग्रॅम. सडात सोडलेल्या एका नळीत २०० मिलिग्रॅम अमॉक्सिसिलीन असेल आणि त्याचा केवळ शंभरावा हिस्सा, म्हणजे २ मिलिग्रॅम, किटलीत उतरला, तरी तो ५०० किलो दूध मर्यादेपर्यंत नेण्यास पुरतो. एका गोठ्यातील एक किटली सबंध टाकीला बाधक कशी होते, हे यावरून ध्यानात यावे. काही दुग्धशाळांत हे तपासण्यासाठी औषधाला दबणारा एक जंतू व रंग बदलणारे द्रव्य असलेली छोटी कुपी वापरतात. कुपीत दूध घालून ती सुमारे तीन तास गरम ठेवतात. दूध शुद्ध असेल तर जंतू वाढतो व जांभळा रंग पिवळा होतो. औषध असेल तर रंग जांभळाच राहतो.

दिवसाला १० लिटर दूध देणाऱ्या गायीवर तीन दिवस उपचार झाला आणि पुढे तीन दिवस दूध वेगळे ठेवावे लागले, तर ६० लिटर दूध हातचे जाते. ज्याचे घर दोन गायींवर चालते, त्याला ही रक्कम लहान नाही. तो ते दूध गुपचूप किटलीत ओततो यात केवळ अज्ञान आहे असे म्हणणे अन्यायाचे होईल. सारा तोटा एकट्याच्याच माथी येतो हेही त्याचे कारण आहे. आपणहून ‘माझ्या गायीवर उपचार चालू आहेत’ असे सांगणाऱ्या सभासदाला दूध संस्थेने दंडाची भीती न दाखवता थोडीफार भरपाई दिली, तर ती सबंध टाकी फेकण्यापेक्षा निश्चितच स्वस्त पडेल. वेगळे काढलेले दूध वासरांना पाजण्याचा मोह टाळावा. अशा दुधावर वाढणाऱ्या वासरांच्या आतड्यांत औषधाला न जुमानणारे जंतू वाढीस लागतात. ते विहिरीपासून दूर खड्ड्यात ओतावे.

घरातील माणसे

थोड्या लोकांना पेनिसिलीनचे वावडे असते. अंगावर पित्त उठणे, ओठ व डोळे सुजणे येथपासून श्वास कोंडून रक्तदाब एकदम खाली येण्यापर्यंत त्याची मजल जाते. या शेवटच्या स्थितीत ॲड्रेनॅलीनचे इंजेक्शन त्वरित मिळणे हाच उपाय असतो. रोग्यास विलंब न लावता रुग्णालयात न्यावे. पूर्वी असा त्रास झालेल्या व्यक्तीने गोठ्यातील इंजेक्शन भरण्याचे किंवा नळी सोडण्याचे कामही करू नये, कारण औषध त्वचेवर उडूनही वावडे चाळवते. उलटपक्षी, आपल्याला पेनिसिलीन चालत नाही असे समजणाऱ्यांपैकी बहुसंख्य लोकांना तपासणीअंती ते चालते असे दिसून येते. लहानपणी तापात उठलेले पुरळ औषधावर लादलेले असते. तेव्हा तशी शंका असल्यास ती डॉक्टरांना सांगून तपासून घ्यावी. आयुष्यभर एका चांगल्या औषधास मुकू नये.

सर्दी, पडसे व बहुतेक साधे खोकले विषाणूंमुळे होतात. विषाणूला भिंत नसते, त्यामुळे त्यावर अमॉक्सिसिलीन व्यर्थ ठरते आणि पोट मात्र बिघडते. हे औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकण्यास कायद्याने बंदी आहे. फ्लेमिंग यांनी नोबेल पारितोषिक स्वीकारल्यावर डिसेंबर १९४५ मध्ये दिलेल्या व्याख्यानात, स्वतःच्या मताने अपुरी मात्रा घेणारा माणूस जंतूंना औषध पचविण्याचे शिक्षण देतो व त्याचे फळ घरातील दुसऱ्याला भोगावे लागते, असा इशारा दिला होता. गोठ्याचे औषध घरात व घराचे औषध गोठ्यात नेणाऱ्या कुटुंबाला तो दोन्हीकडून लागू पडतो.

रोगच न व्हावा म्हणून

अंगठा मुडपून धार काढण्याने सडाच्या आतील त्वचेस इजा होते; पूर्ण मुठीने दूध काढावे. पहिली धार काळ्या कापडावर घेऊन गुठळ्या पाहाव्या. रोगी गायीची धार सर्वांत शेवटी काढावी. धार संपल्यावर सड आयोडीनच्या द्रावणात बुडवावे आणि गायीपुढे ताजा चारा टाकावा, म्हणजे ती अर्धा तास उभी राहील व सडाचे उघडे राहिलेले तोंड मिटेल. धुणे, पुसणे व बुडविणे ही कामे कंटाळवाणी आहेत खरी, पण सहा दिवसांच्या दुधापुढे ती काहीच नव्हेत.

गाय आटविताना कासेत सोडावयाची औषधे निराळी असतात. ती पुष्कळ दिवस टिकून राहतात व जुना संसर्ग निपटण्यास भाकड काळातच अधिक उपयोगी पडतात. मात्र अशी गाय अपेक्षेपेक्षा लवकर व्याली, तर औषध कासेत शिल्लक असण्याचा संभव असतो. म्हणून नळी सोडल्याची तारीख व औषधाचे नाव गोठ्याच्या भिंतीवर खडूने लिहून ठेवावे, आणि उपचार चालू असलेल्या गायीच्या मागील पायास लाल चिंधी बांधावी, म्हणजे मालक परगावी असताना धारेला बसलेल्या घरच्या दुसऱ्या माणसालाही ती किटली वेगळी ठेवावयाची आहे हे कळेल.