पहिल्या सहा तासांची थंडी

नाशिकच्या द्राक्ष निर्यातीची चर्चा निघाली की बोलणे लवकरच समुद्राकडे वळते. कंटेनर मिळत नाही, भाडे वाढले, जहाज उशिरा लागले, बंदरात गाड्यांची रांग लागली. २०२३ च्या अखेरीस लाल समुद्रात व्यापारी जहाजांवर हल्ले सुरू झाले तेव्हा तर या तक्रारींना खरेच मोठे कारण मिळाले. २०२४ च्या हंगामात बहुतेक कंटेनर कंपन्यांनी सुएझ कालवा सोडून आफ्रिकेला वळसा घातला. न्हावाशेवाहून रॉटरडॅम सुएझमार्गे सुमारे ६,३०० सागरी मैलांवर आहे. केप ऑफ गुड होपला वळसा घातला की हेच अंतर १०,५०० मैलांच्या पुढे जाते आणि प्रवासात दहा ते चौदा दिवसांची भर पडते. नाशवंत मालासाठी ही भर लहान नाही, आणि बागायतदाराची काळजीही अनाठायी नाही. तरीही भौतिकशास्त्र आणि फळांचे शरीरशास्त्र यांचा हिशेब मांडला, तर द्राक्षाच्या आयुष्यातले सर्वांत महागडे तास समुद्रावर खर्च होत नाहीत असे दिसते. ते जमिनीवर जातात, घड वेलीवरून उतरल्यापासून त्याच्या गाभ्यातली उष्णता निघेपर्यंत. आपण ज्या टप्प्याकडे सर्वांत कमी पाहतो तोच निर्णायक आहे, असे माझे म्हणणे आहे.

ते तपासायचे तर शीतकंटेनर, म्हणजे बंदरावर ज्याला सगळे ‘रीफर’ म्हणतात तो डबा, नेमके काय करतो हे आधी पाहावे लागेल. बाहेरून तो इतर चाळीस फुटी कंटेनरच्याच मापाचा असतो, त्यामुळे तीच क्रेन त्याला उचलते आणि जहाजावर तो त्याच चौकटीत बसतो. भिंतींत पॉलियुरेथेनच्या फेसाचा जाड थर असतो आणि एका टोकाला शीतकयंत्र. रस्त्यावर त्याला जनरेटरची वीज मिळते, यार्डात आणि जहाजावर तो प्लगला जोडतात. यंत्रातून निघालेली थंड हवा जमिनीवरच्या इंग्रजी टी आकाराच्या अ‍ॅल्युमिनियमच्या पट्ट्यांमधल्या खाचांतून दारापर्यंत धावते, खोक्यांच्या थप्प्यांमधून वर चढते आणि छताखालच्या मोकळ्या जागेतून परत यंत्राकडे येते. छताजवळ आखलेल्या लाल रेषेच्या वर माल रचायचा नाही, हा नियम या परतीच्या वाटेसाठीच आहे. दाराजवळ जमिनीचा पट्टा उघडा राहिला तर हवा मालात शिरण्याऐवजी तिथूनच वर निसटते, म्हणून तो पट्टा पुठ्ठ्याने झाकतात. ही सगळी रचना एका गृहीतकावर उभी आहे. आत येणारा माल आधीच थंड असेल आणि यंत्राला फक्त भिंतींतून झिरपणारी उष्णता, पंख्यांची उष्णता आणि फळांच्या श्वसनाची थोडी उष्णता बाहेर फेकायची असेल, असे ते गृहीतक.

गरम माल आत घातला तर काय होते, याचे गणित शाळकरी आहे. एका चाळीस फुटी रीफरमध्ये साधारण १३ टन द्राक्षे मावतात. द्राक्षात बहुतांश पाणीच असल्याने एक किलो द्राक्ष एक अंशाने थंड करायला सुमारे ३.६ किलोज्यूल उष्णता काढावी लागते. तीस अंशांवरचा माल शून्यावर आणायचा तर १३,००० गुणिले ३.६ गुणिले ३०, म्हणजे १४ लाख किलोज्यूल. विजेच्या बिलाच्या भाषेत ही उष्णता ३९० युनिटांच्या घरात जाते. शून्याच्या आसपास चालणाऱ्या रीफरची शीतनक्षमता ढोबळमानाने दहा किलोवॉट धरली, तर यंत्राने दुसरे काहीही न करता सलग ३९ तास हेच काम करायला हवे. पण भिंती आणि पंखे आपला वाटा मागतात, गरम फळांचे श्वसन आणखी उष्णता ओतत राहते. शिवाय मणी गोठू नयेत म्हणून आत सोडलेली हवा उणे अर्ध्या अंशाच्या खाली नेता येत नाही, त्यामुळे हवा आणि फळ यांच्या तापमानातला फरक जसजसा घटतो तसतसे थंड होणे मंदावत जाते. खोक्यातल्या प्लॅस्टिकच्या पिशवीत, मधल्या पनेटमध्ये (दुकानात विकायच्या छोट्या डबीत) असलेल्या घडापर्यंत ही थंडी पोहोचायची तर कागदावरच्या ३९ तासांचे कित्येक दिवस होतात. पॅकहाऊसमधल्या प्रीकूलिंगच्या, म्हणजे कंटेनरमध्ये भरण्याआधी माल थंड करण्याच्या, खोलीत हेच काम सहा ते आठ तासांत होते, कारण तिथले पंखे हवा खोक्यांच्या भोकांतून जबरदस्तीने खेचतात आणि यंत्राची ताकद त्याच कामासाठी ठरवलेली असते.

हे काही दिवस कसे भोवतात ते श्वसनाकडे पाहिले की कळते. तोडलेले द्राक्ष जिवंत असते. ते ऑक्सिजन घेते, साठवलेली साखर आणि आम्ले जाळते, कार्बन डायऑक्साइड आणि उष्णता सोडते. केळी-आंब्यासारखे ते तोडणीनंतर पिकत नाही, वेलीवरून उतरले की त्याची फक्त खर्चाची बाजू चालू राहते. तापमान दहा अंशांनी वाढले की अशा जैवरासायनिक क्रियांचा वेग ढोबळमानाने दोन ते तीन पट होतो. तीस अंशांच्या फरकात ही पट तीनदा लागते, म्हणजे शून्यावरच्या तुलनेत तीस अंशांवर श्वसनाचा वेग आठ ते सत्तावीस पट. आता घड तोडल्यावर सहा तास तीस अंशांवर राहिला असे समजू. शून्य अंशांवर तेवढेच श्वसन व्हायला त्याला किमान दोन दिवस, आणि वरच्या अंदाजाने जवळजवळ सात दिवस लागले असते. केपच्या वळशाने दहा ते चौदा दिवस वाढवले म्हणून आपण हवालदिल होतो, आणि शेडमध्ये गेलेल्या एका दुपारीत त्यातल्या निम्म्यापर्यंतचे आयुष्य संपलेले असू शकते.

साखरेपेक्षाही आधी दगा देते ते देठ. युरोपातला ग्राहक पनेट उचलतो तेव्हा मण्यांइतकीच त्याची नजर देठाकडे जाते. देठ हिरवा असेल तर माल ताजा, तपकिरी असेल तर शिळा. देठाला मण्यासारखे मेणाचे दाट आवरण नसते, त्यामुळे तो भराभर पाणी गमावतो. पाणी किती जोराने ओढले जाईल हे फळ आणि हवा यांच्या बाष्पदाबातल्या फरकावर ठरते. तीस अंश तापमान आणि चाळीस टक्के आर्द्रतेच्या मार्चमधल्या हवेत हा फरक सुमारे अडीच किलोपास्कल भरतो, शून्य अंश आणि नव्वद टक्के आर्द्रतेच्या शीतगृहात तो ०.०६ च्या आसपास. म्हणजे कोरडे पाडणारा जोर चाळीसपट. शेडमधल्या एका तासात देठातून जेवढे पाणी जाईल, तेवढे जायला शीतगृहात दीड दिवसाहून अधिक लागेल. आणि एकदा सुकलेला देठ पुढे कितीही थंडीत ठेवला तरी पुन्हा हिरवा होत नाही.

याच पाण्याची उलटी बाजूही आहे आणि ती अधिक फसवी आहे. द्राक्षाचा मोठा शत्रू बॉट्रायटिस नावाची करडी बुरशी. बहुतेक बुरश्या शून्याजवळ थांबतात, ही तिथेही हळूहळू वाढत राहते. तिला रोखण्यासाठी खोक्यात ग्रेप गार्डचा कागद ठेवतात. त्यातले सोडियम मेटाबायसल्फाइट ओलाव्याशी संयोग पावून सल्फर डायऑक्साइड वायू सोडते. वायू बेताने सुटत राहिला तर बुरशी दबून राहते, एकदम सुटला तर मण्यांवर पांढुरके डाग पडतात आणि पुढच्या आठवड्यांसाठी कागदात काही उरत नाही. अर्धवट गरम फळ पिशवीत बंद करून थंड कंटेनरमध्ये ठेवले की पिशवीच्या आतल्या बाजूने पाणी धरते, आणि हेच पाणी कागदाला एकदम जागे करते, शिवाय बुरशीलाही ओल पुरवते. म्हणून हा कागद प्रीकूलिंग झाल्यावर ठेवायचा असतो. थंड झालेला माल भरताना उघड्या धक्क्यावर उन्हात रेंगाळला तरी तेच, थंड मण्यांवर बाहेरच्या हवेतले बाष्प जमते. दार उघडे असताना रीफरचे यंत्र बंद ठेवण्याची पद्धतही यातूनच आली आहे. तसे केले नाही तर ते बाहेरची दमट हवा ओढून घेते आणि त्याच्या नळ्यांवर बर्फ धरते.

थंडी आधी, प्रवास नंतर हा क्रम नवा नाही. १५ फेब्रुवारी १८८२ रोजी ‘डनेडिन’ हे शिडाचे जहाज न्यूझीलंडहून गोठवलेले मांस घेऊन निघाले आणि विषुववृत्त ओलांडून ९८ दिवसांनी लंडनला पोहोचले. वाटेत मांस खराब झाले नाही, कारण जहाज सुटण्याआधी बंदरातच, जहाजावरच्या यंत्राने ते पूर्ण गोठवलेले होते. समुद्रावर यंत्राला राखणदारी तेवढी करायची होती.

यावर पहिला आक्षेप येईल तो जाणकारांकडूनच. निर्यातीच्या पॅकहाऊसमध्ये प्रीकूलिंग असतेच, मग नवे काय सांगता? हा आक्षेप अर्धा खरा आहे, आणि त्यामागचे काम आदराने नोंदवले पाहिजे. १९९१ साली पणन मंडळाच्या मदतीने महाग्रेप्स ही द्राक्ष निर्यातीची संस्था उभी राहिली तेव्हा सहकारी संस्थांनी प्रीकूलिंगच्या आणि शीतगृहाच्या सोयी उभारल्या, त्या पायावरच आजची निर्यात उभी आहे. पण खोली असणे वेगळे आणि माल तिथे कधी पोहोचतो ते वेगळे. आपल्याकडे खुडा झाला की क्रेट पॅकहाऊसला जातात, तिथे घड साफ होतात, खराब मणी कात्रीने काढले जातात, वजन करून पनेट भरले जातात, आणि त्यानंतर थंडीची पाळी येते. पॅकिंगचा हॉल वातानुकूलित असेल तर ठीक, नसेल तर हे सारे तास बाहेरच्या तापमानात जातात. हंगामाचा चढही लक्षात घ्यावा लागतो. जानेवारीत नाशिकची सकाळ दहा अंशांच्या आसपास असते, सकाळी लवकर खुडलेला माल निम्मा थंड होऊनच येतो. मार्चच्या दुपारी पारा पस्तिशी गाठतो. पंधरा अंशांच्या मालापेक्षा पस्तीस अंशांच्या मालातून दुपटीहून अधिक उष्णता काढायची असते, आणि नेमक्या त्याच दिवसांत मालाची आवक वाढलेली असते. जानेवारीला पुरणारी खोली मार्चला अपुरी पडते. मग एक तर माल बाहेर वाट पाहतो, नाही तर पुरता थंड होण्याआधीच भरला जातो.

दुसरा आक्षेप तंत्रज्ञानाच्या बाजूने येतो. आता कंटेनरमधला ऑक्सिजन आणि कार्बन डायऑक्साइड नियंत्रित करता येतो, उपग्रहाद्वारे तापमान दूरवरून पाहता येते, मग जमिनीवरची ढिलाई समुद्रावर भरून निघणार नाही का? नियंत्रित वातावरणाचा खरा लाभ तोडणीनंतर पिकणाऱ्या फळांना होतो. केळी, अ‍ॅव्होकॅडो, आंबा यांचे पिकणे त्याने लांबवता येते. पिकणेच नसलेल्या द्राक्षाला त्याचा उपयोग मर्यादित, आणि कार्बन डायऑक्साइड फार वाढला तर देठ काळवंडतो. आंब्याचा प्रश्न तर आणखी अवघड आहे. त्याला शून्याची थंडी सोसत नाही. साधारण बारा-तेरा अंशांच्या खाली त्याच्या पेशींचे पटल बिघडते, साल काळपट होते आणि फळ नीट पिकत नाही. म्हणजे द्राक्षाला मिळते तेवढी खोल थंडीची मुभा आंब्याला नाही, वेळेची चूक लपवायला जागाच कमी. २०२२ साली भाभा अणुसंशोधन केंद्राच्या पद्धतीने विकिरण केलेला आंबा समुद्रमार्गे अमेरिकेला गेला. तो पल्ला गाठता आला तो तोडणीपासूनच्या शिस्तीमुळे, केवळ डब्यामुळे नाही. दूरवरून तापमान पाहण्याचे म्हणाल, तर बिघाड लवकर कळतो हे खरे. पण अरबी समुद्रातल्या कंटेनरमध्ये माल गरम भरला गेला आहे, ही बातमी कळून कोणी काही करू शकत नाही.

तिसरा आक्षेप खर्चाचा, आणि तो मला सर्वांत वजनदार वाटतो. दोन-तीन एकरांच्या बागायतदाराने प्रीकूलिंगची खोली कुठून बांधावी? त्याने एकट्याने बांधू नयेच. पण पहिल्या तासांतली बरीचशी बचत यंत्राविना होते. खुडा सकाळीच संपवणे, क्रेट सावलीत आणि झाकलेले ठेवणे, पॅकहाऊसची वेळ ठरवूनच तोडणीला हात घालणे, यांना भांडवल लागत नाही, मात्र पॅकहाऊसने वेळ पाळण्याची हमी द्यावी लागते. भांडवल लागते ते हंगामाच्या शिखरासाठी, आणि ते गावागटाने उभारण्याची परंपरा या जिल्ह्याला आहे. विमानाने माल पाठवून वेळ विकत घ्यावा, हा पर्याय मात्र मला मान्य नाही. टनामागे आणि किलोमीटरमागे विमानाचे कार्बन उत्सर्जन मोठ्या कंटेनर जहाजाच्या कित्येक पट, साधारण दहापटींहून बरेच अधिक असते. जागतिक हरितगृह वायूंत जहाजवाहतुकीचा वाटा २०१८ साली २.८९ टक्के होता, तोही कमी करायलाच हवा. पण रॉटरडॅमला पोहोचून फेकून दिलेल्या खोक्यासाठी बागेतले पाणी, खत, डिझेल आणि जहाजाचे इंधन सगळेच वाया जाते.

यात न्यायाचाही प्रश्न आहे. जहाज कंपनी हमी देते ती यंत्रातून सुटणाऱ्या हवेच्या तापमानाची, फळाच्या गाभ्याची नाही. कंटेनरमधला लॉगर, म्हणजे तापमान नोंदवणारे उपकरण, दार बंद झाल्यापासूनचा इतिहास सांगतो. माल खराब निघाला आणि लॉगरची रेघ सरळ असली, की दोष कोणाच्या माथी येतो ते उघड आहे. बागायतदाराकडे त्याआधीच्या तासांचा पुरावाच नसतो. कीडनाशकांच्या अंशाबाबत आपण हा प्रश्न सोडवला आहे. २००६ पासून अपेडा या केंद्राच्या कृषी निर्यात प्राधिकरणाच्या ग्रेपनेट या संगणकीय प्रणालीवर प्रत्येक नोंदणीकृत प्लॉटचा माग ठेवता येतो. त्याच नोंदीत तोडणीची वेळ, पॅकहाऊसला पोहोचतानाचे मण्याच्या गाभ्याचे तापमान आणि प्रीकूलिंग संपल्याची वेळ, एवढे तीन आकडे जोडायला फार मोठी यंत्रणा लागणार नाही. टोचायचा तापमापक हे स्वस्त साधन आहे. एका हंगामाचे असे आकडे हाती आले, तर उशीर खुड्यात होतो, रस्त्यावर होतो की पॅकहाऊसच्या दारात, हे दिसेल. निफाड, दिंडोरी, सांगलीकडचे तासगाव यांपैकी मार्चमध्ये कुठे किती खोल्या कमी पडतात, हे ठरवायला अंदाजावर अवलंबून राहावे लागणार नाही.