शिडाच्या होडीचा रस्ता कॅलेंडरावर

पृथ्वीप्रदक्षिणेचा विषय निघाला की ऐकणारा आधी नकाशा पसरतो. मुंबईहून निघायचं, सुएझ कालव्यातून युरोप गाठायचा, मग अटलांटिक, पनामा, पॅसिफिक आणि घरी परत. माझी सगळी नोकरी व्यापारी जहाजांवर गेली. इंजिनाच्या जहाजाला असा रस्ता चालतो, शिडाच्या होडीला चालत नाही. तिला वाऱ्याच्या कलाने जावं लागतं, आणि वाऱ्याचे महिने ठरलेले असतात. म्हणून विचारणाऱ्याला मी सांगतो, आधी भिंतीवरचं कॅलेंडर काढा.

ज्यांना घाई नाही, त्यांच्यासाठी व्यापारी वाऱ्यांचा मार्ग आहे. विषुववृत्ताच्या दोन्ही अंगांना हे वारे पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहतात, म्हणून प्रवासही पश्चिमेकडे. कॅरिबियन बेटं, पनामा कालवा, ताहिती, फिजी, ऑस्ट्रेलियाच्या डोक्यावरून हिंदी महासागर. हवा उबदार, वारा पाठीमागून. मात्र कॅरिबियनमध्ये जून ते नोव्हेंबर आणि दक्षिण पॅसिफिकमध्ये नोव्हेंबर ते एप्रिल हे वादळांचे महिने चुकवायचे, म्हणजे बंदरात बसून काढायचे. दोन-तीन वर्षं सहज जातात.

या मार्गाची खरी अडचण तांबड्या समुद्रापाशी येते. फेब्रुवारी २०११ मध्ये मुंबईहून ओमानकडे निघालेली 'क्वेस्ट' ही अमेरिकन नौका सोमाली चाच्यांनी पकडली. तिच्यावरचे चौघेही मारले गेले. २०२३ च्या अखेरीस येमेनच्या हुथी बंडखोरांनी जहाजांवर हल्ले सुरू केले, तेव्हा मोठमोठ्या मालवाहू जहाजांनीही आफ्रिकेचा वळसा पत्करला. एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारा पहिला माणूस जोशुआ स्लोकम. तो १८९५ मध्ये बॉस्टनहून निघाला तो सुएझमार्गे जायचं ठरवून. जिब्राल्टरला ब्रिटिश नौदलाच्या अधिकाऱ्यांनी त्याला चाच्यांची भीती सांगितली. मग गडी अटलांटिक पुन्हा ओलांडून उलट्या दिशेने गेला आणि १८९८ मध्ये फेरी पुरी केली. सव्वाशे वर्षांनी सल्ला तोच द्यावा लागतो, याचं मला नवल वाटतं.

दुसरा मार्ग तीन भूशिरांचा : ऑस्ट्रेलियाचं केप ल्युविन, दक्षिण अमेरिकेचं केप हॉर्न आणि आफ्रिकेचं केप ऑफ गुड होप. दक्षिण गोलार्धात चाळीस अंशांच्या खाली पश्चिमी वाऱ्यांना अडवायला जमीन जवळजवळ नाहीच. शाळेच्या भूगोलातले 'गरजणारे चाळीस' आणि 'खवळलेले पन्नास' ते हेच. इथे प्रवास पश्चिमेकडून पूर्वेकडे होतो. कालव्यांचा आडमार्ग घ्यायचा नाही, विषुववृत्त ओलांडायचं आणि निदान २१,६०० सागरी मैल कापायचे, असा संकेत आहे. हा आकडा कुठून आला? वर्तुळाचे अंश ३६०, प्रत्येक अंशाच्या कला ६०, आणि एक कला म्हणजे एक सागरी मैल. गुणाकार करून पाहा.

आपल्या किनाऱ्यावरून निघणाऱ्याला दोन ऋतू सांभाळावे लागतात. केप हॉर्न जवळजवळ ५६ अंश दक्षिणेला, तिथे पोचायचं ते तिकडच्या उन्हाळ्यात, म्हणजे डिसेंबर ते फेब्रुवारी. आणि घरी यायचं ते आपला पावसाळा फुटायच्या आत. तारखाच पाहा. गोव्यात बांधलेल्या 'म्हादेई'तून कमांडर दिलीप दोंदे १९ ऑगस्ट २००९ रोजी मुंबईहून एकटे निघाले, वाटेत चार बंदरं घेतली आणि मे २०१० मध्ये परतले. नौदलाच्या सहा महिला अधिकारी 'तारिणी'तून १० सप्टेंबर २०१७ रोजी गोव्याहून निघाल्या, १९ जानेवारीला त्यांनी हॉर्न ओलांडलं, २१ मे रोजी त्या घरी आल्या. अभिलाष टॉमींना कुठेच थांबायचं नव्हतं, म्हणून ते १ नोव्हेंबर २०१२ पर्यंत थांबू शकले. त्यांनी हॉर्न गाठलं २६ जानेवारीला, आणि मार्चअखेर ते मुंबईत होते. निघायची तारीख हलते, हॉर्नचा हंगाम हलत नाही. सगळा हिशेब तिथून मागे मोजत यायचा.

उरतो प्रश्न किती दक्षिणेला उतरायचं याचा. जितकं खाली जाल तितका फेरा लहान. साठ अंशांवर तो विषुववृत्ताच्या निम्म्यावर येतो, त्यामुळे मोह होतोच. पण तिकडे थंडी वाढते, हिमनगांची धास्ती असते आणि मदत दूर जाते. मी स्वतः चार दिवस जास्त घालवीन, पण वर राहीन. सप्टेंबर २०१८ मध्ये गोल्डन ग्लोब शर्यतीत टॉमींच्या नौकेची डोलकाठी वादळात मोडली आणि त्यांच्या पाठीला जबर दुखापत झाली. जागा पर्थपासून सुमारे १,९०० सागरी मैलांवर, दक्षिण हिंदी महासागरात. फ्रेंच जहाज 'ओसिरिस' त्यांच्यापर्यंत पोचायला तीन दिवस लागले. पुढच्या, २०२२ च्या शर्यतीत ते पुन्हा त्याच समुद्रातून गेले आणि दुसरे आले.