खातं तुमचं, पण नंबर कुणाचा?



मागच्या महिन्यात रिसोड तालुक्यातल्या एका गटाच्या बैठकीला गेले होते. विषय ठरला होता मोबाइलवरून पैसे कसे द्यायचे. दोन-तीन क्यूआर कोड छापून नेले होते, स्कॅन करून दाखवणार होते. बचतीच्या नोंदी चालू असताना एक काकू उशिरा आल्या आणि बसता बसताच विचारलं, "ताई, लाडक्या बहिणीचे पैसे आले का व? पोरगं वावरात गेलं. मेसेज त्याच्याच मोबाइलवर येते. तो आल्याशिवाय मले समजतच नाही."

मी क्यूआर कोड बाजूला ठेवले आणि आधी सगळ्यांना एकच प्रश्न विचारला. तुमच्या बँक खात्याला कुणाचा मोबाइल नंबर जोडला आहे? कुणी म्हणालं मालकाचा, कुणी पोराचा, कुणी जावयाचा. एकीचा नंबर तर खातं काढून देणाऱ्या माणसाचाच निघाला. स्वतःचा नंबर सांगणाऱ्या निम्म्याही नव्हत्या. मग त्या दिवशी स्कॅन करायचं राहिलंच. हा लेखही म्हणूनच नंबरापासून सुरू करते.

आपल्याकडे ॲप कोणतंही असो, म्हणतात "फोन पे कर." फोन पे, गूगल पे, पेटीएम, भीम ही वेगवेगळ्या ॲपची नावं आहेत. पण आतून पैसे ज्या व्यवस्थेतून जातात तिचं नाव यूपीआय. एनपीसीआय या संस्थेनं ती २०१६ मध्ये सुरू केली आणि त्याच वर्षी डिसेंबरात भीम ॲप आलं. यूपीआयमध्ये पैसे ॲपमध्ये राहत नाहीत, तुमच्या बँक खात्यातून निघून थेट समोरच्याच्या खात्यात जातात. वॉलेट वेगळं. त्यात आधी पैसे भरावे लागतात, बटव्यात काढून ठेवल्यासारखे, आणि तिथून खर्च होतात. आपल्या गावात जे चालतं ते बहुतेक यूपीआयच आहे.

आता ॲपला कसं कळतं की हे खातं तुमचंच आहे? ते नंबरावरून ओळखतं. ॲप पहिल्यांदा सुरू करताना फोनमधल्या सिममधून एक मेसेज आपोआप जातो. तो नंबर बँकेत ज्या खात्याला जोडलेला असेल, ते खातं ॲपमध्ये दिसतं. (म्हणून त्या वेळी सिम त्याच फोनमध्ये लागतं आणि मेसेज जाण्यापुरता रिचार्जही लागतो. बैठकीत दोघींचं ॲप याच कारणानं सुरू होत नव्हतं आणि आम्ही उगाच नेटवर्कला नावं ठेवत होतो.) त्यानंतर एटीएम कार्डवरचे आकडे किंवा आधारवर आलेला ओटीपी टाकून चार किंवा सहा आकडी पिन ठरवायचा.

आता उलट्या बाजूनं बघा. नंबर पोराच्या फोनमध्ये असेल आणि घरातलं तुमचं एटीएम कार्ड त्याच्या हाताशी असेल, तर तुमचं खातं त्याच्या फोनवर सुरू व्हायला पाच मिनिटं पुरतात. तुम्हाला विचारावंही लागत नाही. लाडक्या बहिणीचे १५०० रुपये, सोयाबीन काढणीची मजुरी, गटातून घेतलेलं कर्ज, सगळं त्याच खात्यात येतं. मी असं म्हणत नाही की घरचे लोक पैसे खातात. घराघरात भांडण लावायला मी आलेली नाही. पण पैसे कधी आले, किती गेले आणि कुठं गेले हे ज्या बाईला दुसऱ्याला विचारल्याशिवाय कळत नाही, तिचं नाव फक्त पासबुकावर आहे.

दुसरी गोष्ट बंद पडलेल्या नंबराची. खातं काढताना दिलेलं सिम रिचार्ज न केल्यानं बंद झालं, असं बऱ्याच जणींनी सांगितलं. असा नंबर कंपनी काही महिन्यांनी दुसऱ्या गिऱ्हाइकाला देऊ शकते. म्हणजे तुमच्या खात्याचे मेसेज कुण्या अनोळखी माणसाला जाऊ शकतात. लाडकी बहीण योजनेच्या ई-केवायसीच्या वेळी ओटीपीसाठी किती धावपळ झाली ते आठवतं ना? तिथं आधारला जोडलेला नंबर लागत होता. बँकेतला नंबर आणि आधारमधला नंबर या दोन वेगळ्या नोंदी आहेत आणि दोन्ही तपासाव्या लागतात. बँकेतला नंबर शाखेत अर्ज देऊन बदलतो, सोबत पासबुक आणि आधार न्यायचं. आधारमधला नंबर आधार केंद्रावर स्वतः जाऊन बदलता येतो.

"पण ताई, फोन घरात एकच हाय." हेही खरं. एकाच फोनमध्ये दोन सिम बसतात. तुमचं सिम त्यात ठेवा, निदान मेसेज तरी तुमच्या नंबरवर येतील. साधा बटणाचा फोन असेल तर तोही चालतो. *९९# फिरवलं की इंटरनेट नसतानाही शिल्लक बघता येते आणि एका वेळी ५००० रुपयांपर्यंत पाठवता येतात. याशिवाय बटणाच्या फोनसाठी यूपीआय १२३पे नावाची सोय रिझर्व्ह बँकेनं ८ मार्च २०२२ ला सुरू केली. तारीख महिला दिनाची आहे, पण आपल्या गटांमध्ये तिचं नाव कुणी ऐकलेलं मला अजून भेटलं नाही.

आणि पोराला किंवा शिकायला बाहेर असलेल्या पोरीला तुमच्या खात्यातून खर्च करू द्यायचा असेल, तर पिन सांगू नका. २०२४ पासून यूपीआय सर्कल नावाची सोय आली आहे. त्यात तुमच्या खात्याला घरच्या माणसाला जोडता येतं. तो त्याच्या फोनवरून पैसे द्यायला गेला की विचारणा तुमच्या फोनवर येते आणि तुम्ही पिन टाकल्यावरच पैसे जातात. पोरीला दर वेळी विचारायला लावायचं नसेल तर महिन्याची मर्यादा घालून मोकळीकही देता येते.

नंबर आपला झाला की मग स्कॅनकडे वळू. त्यात अवघड काही नाही. कोड स्कॅन केला की समोरच्याचं बँकेतलं नाव दिसतं. ते वाचा. वाचता येत नसेल तर दुकानदाराला फोन दाखवून "हे तुमचंच नाव का?" असं विचारा. त्यात लाज कसली? बाजारात एकाच्या कोडवर दुसऱ्याचा कागद चिकटवून पैसे पळवल्याचे प्रकार घडले आहेत. नाव पटलं की रक्कम आणि मग पिन. फोनच्या कव्हरमागे चिठ्ठीवर लिहिलेला पिन मी स्वतः तीन ठिकाणी पाहिला आहे. ती चिठ्ठी आजच काढा.

पिन फक्त पैसे द्यायला आणि शिल्लक बघायला लागतो. पैसे घ्यायला कधीच लागत नाही. "तुमचे अनुदान मंजूर झाले, पिन टाका म्हणजे जमा होईल" असं जो म्हणतो, तो तुमच्या खात्यातून पैसे ओढतो आहे. व्हॉट्सॲपवर लग्नपत्रिका, पीएम किसान, वाहनाचा दंड अशा नावानं येणाऱ्या फायली उघडू नका. त्या उघडून बसवल्या की तुमचे मेसेज दुसरीकडे वाचले जातात, ओटीपीसुद्धा. फसवणूक झालीच तर रडत बसायला वेळ नाही. लगेच १९३० ला फोन करा आणि बँकेला कळवा. घाई यासाठी की आपणच पिन सांगितला असेल तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान आपल्या माथी बसतं, कळवल्यानंतरचं बँकेच्या.

मानोरा, मालेगावकडच्या डोंगरातल्या गावांचा प्रश्न वेगळा आहे. तिथं पैसे कटतात आणि चाक फिरतच राहतं. अशा वेळी घाबरून दुसऱ्यांदा पाठवू नका. समोरच्याच्या खात्यात जमा झाले नसतील तर नियमानं दुसऱ्या दिवसापर्यंत परत यायला हवेत, दुकानाचा व्यवहार असेल तर पाच दिवसांत. त्यानंतर उशीर झाला तर बँकेनं दिवसाला १०० रुपये भरपाई द्यावी असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. तक्रार ॲपमध्येच त्या व्यवहारावर बोट ठेवून करायची. इंटरनेटवर कस्टमर केअरचा नंबर शोधू नका, तिथं फसवणारेच नंबर टाकून बसलेले असतात.

शहरात आता फोन किंवा कार्ड मशीनला नुसतं टेकवून पैसे देतात. ज्या एटीएम कार्डवर चार वाकड्या रेघांची खूण असते ते असं टेकवता येतं, आणि ५००० रुपयांपर्यंत पिन लागत नाही. सोय चांगली, पण कार्ड हरवलं तर सापडणाऱ्यालाही तेवढीच सोय. कार्डाची ही सोय बँकेला सांगून बंद ठेवता येते. फोनवरचं यूपीआय लाईटही तसंच आहे. त्यात ५००० पर्यंत रक्कम वेगळी काढून ठेवता येते आणि १००० पर्यंतचा खर्च पिनशिवाय होतो. चहा-भाजीला बरं. पण पासबुकात फक्त रक्कम काढून ठेवल्याची नोंद येते, भाजीची येत नाही. फोन दुसऱ्याच्या हातात असेल तर ते पैसेही त्याच्याच हातात.

ज्या ताई पापड, हळद, डाळ विकतात त्यांनी स्वतःच्या खात्याचा कोड घ्यावाच. मुंबईच्या महालक्ष्मी सरस प्रदर्शनात गिऱ्हाईक सुट्टे पैसे घेऊन फिरत नाही. गिऱ्हाइकानं दाखवलेल्या स्क्रीनवर मात्र माल देऊ नका. तशी खोटी चित्रं बनवता येतात. आपला मेसेज येऊ द्या किंवा बोलणारा डबा बोलू द्या.

आता गटाच्या पैशाबद्दल. हे मला सगळ्यात जास्त सांगायचं आहे. बऱ्याच गटांत बचतीचे १००-२०० रुपये सचिवताईंच्या फोन पेवर पाठवायची पद्धत पडली आहे. सोपं वाटतं. एका गटात असंच सगळ्यांची बचत आणि हप्ते सचिवताईंच्या वैयक्तिक खात्यात जमा झाले. दुसऱ्या दिवशी त्या बँकेत भरणार होत्या. पण त्याच खात्यातून घरच्या गाडीच्या कर्जाचा हप्ता आपोआप कटतो, तो रात्रीतून कटला. ताईंचा हेतू वाईट नव्हता. त्यांना स्वतःला सकाळी कळलं. पैसे त्यांनी दोन महिन्यांत भरून काढले, पण त्या दोन महिन्यांत गट मोडता मोडता राहिला. अजूनही दोघी एकमेकींशी बोलत नाहीत.

गटाचं खातं दोघींच्या सहीनं चालतं, म्हणून ते एकीच्या फोनवर यूपीआयला जोडता येत नाही. मला विचाराल तर हे बरंच आहे. पण त्या खात्यात पैसे पाठवता येतात. ॲपमध्ये "बँक खात्यात पाठवा" हे निवडून गटाचा खाते क्रमांक आणि बँकेचा आयएफएससी कोड टाकायचा. पहिल्यांदा एकच रुपया पाठवून नाव गटाचंच दिसतं का ते बघायचं. पैसे पाठवल्यावर बारा आकडी यूटीआर नंबर येतो. तो बैठकीत रजिस्टरमध्ये आणि सभासदाच्या पासबुकात लिहायचा, म्हणजे बँकेचं पासबुक छापून आल्यावर एकेक नोंद जुळवता येते. काढायचे पैसे मात्र दोघींच्या सहीनंच, किंवा बँक सखीकडे दोघींनी अंगठा देऊन.

अजून एक. "बचत फोन पेनं पाठवली, आता बैठकीला कायले येऊ?" हे मी या वर्षी दोन गटांत ऐकलं. पंचसूत्रीत बैठक बचतीच्या आधी येते. कुणाला कर्ज द्यायचं, कुणाचा हप्ता का थकला, कुणाच्या घरी काय चाललं आहे, हे फोनवर कळत नाही. म्हणून ज्या गटांना बैठकीतच रोख बचत घ्यायची आहे त्यांनी खुशाल घ्यावी. त्यांना मी मागासलेलं म्हणणार नाही.

त्या काकूंचं सांगायचं राहिलं. त्यांनी स्वतःच्या सिमचा नंबर बँकेत दिला. पोराला आधी राग आला, मग त्यानंच अर्ज भरून दिला. पुढच्या बैठकीत त्यांनी बटणाचा फोन माझ्यासमोर धरला. "वाच बरं ताई, हे जमा हाय का वजा?" जमा होतं, १५०० रुपये.

पुढच्या महिन्याच्या बैठकीला येताना प्रत्येकीनं बँकेचं पासबुक, आधार आणि आपला फोन आणावा. नंबर बदलायचे कोरे अर्ज मी घेऊन येते. ज्यांचं खातं ज्या शाखेत आहे त्यांनी त्या शाखेचं नाव आधीच सचिवताईंकडे लिहून द्यावं, म्हणजे एका शाखेच्या सगळ्या जणी एकाच दिवशी जाऊ.