'रिव्हॉल्व्हर'मध्ये जॉन किती आणि पॉल किती?

ज्यांनी हा भाग ऐकलाय त्यांनी पुन्हा वाचायची गरज नाही. पण बसमध्ये हेडफोन विसरलेल्यांसाठी हे लिखित रूप. बोलताना झालेला फाफटपसारा थोडा कापलाय, बाकी सगळं तसंच ठेवलंय.

फोनवर बीटल्सचा 'रिव्हॉल्व्हर' उघडा. ऑगस्ट १९६६ मध्ये आलेला अल्बम, १४ गाणी. आता क्रेडिट्स बघा. तीन गाण्यांखाली जॉर्ज हॅरिसनचं नाव आहे आणि उरलेल्या ११ गाण्यांखाली एकच जोडनाव: लेनन–मॅकार्टनी. म्हणजे नक्की कोण? तुमच्या मेसेजेसमध्ये हा प्रश्न इतक्यांदा आलाय की म्हटलं, एकदाचा सोक्षमोक्ष लावूनच टाकू.

पहिलं म्हणजे हे जोडनाव आलं कुठून. जॉन लेनन आणि पॉल मॅकार्टनी लिव्हरपूलमध्ये १९५७ च्या जुलैत भेटले तेव्हा जॉन १६ वर्षांचा होता आणि पॉल १५. पोरवयातच दोघांचं ठरलं, की गाणं कुणीही लिहो, नाव दोघांचं लागणार. पैसेही निम्मे-निम्मे. १९६३ च्या पहिल्या अल्बमवर तर क्रमही उलटा होता, आधी मॅकार्टनी आणि मग लेनन. नंतर तो बदलला आणि तसाच राहिला. सुरुवातीला हे जोडनाव खरंही होतं, कारण दोघं समोरासमोर गिटार घेऊन बसायचे आणि ओळीला ओळ जोडायचे. 'रिव्हॉल्व्हर'पर्यंत मात्र चित्र बदललं होतं. जॉन लग्न करून लंडनबाहेर वेब्रिजला मोठ्या घरात राहायला गेला होता आणि पॉल लंडनमध्येच होता. नाटकं, चित्रप्रदर्शनं, प्रायोगिक संगीत असं काय काय पॉल तिथे बघत-ऐकत होता. गाणी आता बहुतेक वेळा वेगवेगळ्या खोल्यांत जन्माला येत होती.

मग ओळखायचं कसं? ढोबळ नियम सोपा आहे: जो मुख्य आवाज, त्याचं गाणं. त्या हिशेबाने जॉनची पाच: 'आय ॲम ओन्ली स्लीपिंग', 'शी सेड शी सेड', 'अँड युवर बर्ड कॅन सिंग', 'डॉक्टर रॉबर्ट' आणि 'टुमॉरो नेव्हर नोज'. पॉलचीही पाच: 'एलेनॉर रिग्बी', 'हिअर, देअर अँड एव्हरीव्हेअर', 'गुड डे सनशाईन', 'फॉर नो वन' आणि 'गॉट टू गेट यू इनटू माय लाईफ'. रिंगोने गायलेलं 'यलो सबमरीन' दोघांत मिळून. पाच-पाच, बरोबरी. विषय संपला?

नाही ना! आधी एक गंमत सांगतो. १९६६ मध्ये अमेरिकेत जो 'रिव्हॉल्व्हर' विकला गेला त्यात ११च गाणी होती. कॅपिटल कंपनीने तीन गाणी आधीच दुसऱ्या एका अल्बमवर वापरून टाकली होती, आणि ती तिन्ही नेमकी जॉनची. त्यामुळे अमेरिकन पोरांच्या हातात जी तबकडी आली तिच्यावर पॉलची पाच, जॉर्जची तीन आणि जॉनची फक्त दोन गाणी. तिकडच्या एका अख्ख्या पिढीला हा पॉलचा अल्बम वाटला तर त्यात नवल काय? १९८७ मध्ये सीडी आली तेव्हा ब्रिटिश आवृत्तीच सगळीकडे प्रमाण झाली. तुम्ही ऐकता ती हीच. सांगायचा मुद्दा हा, की गाणी मोजून हिस्सा ठरवायला गेलात की असं फसायला होतं.

म्हणून मी वेगळा प्रश्न विचारतो: एकाच्या गाण्यात दुसरा किती आहे?

'टुमॉरो नेव्हर नोज' घ्या. अल्बममधलं शेवटचं गाणं, पण रेकॉर्डिंगला सगळ्यात आधी घेतलेलं, ६ एप्रिल १९६६ ला. 'जॉनचा वेडेपणा' म्हणून ज्या गाण्याकडे बोट दाखवलं जातं ते हेच. जवळजवळ एकाच कॉर्डवर उभं आहे. खाली तानपुऱ्यासारखा एक सूर सतत धरलेला, आणि शब्द तिबेटी 'मृतांच्या पुस्तका'वर बेतलेल्या, एलएसडीच्या अनुभवावरच्या एका पुस्तकातून सुचलेले. जॉनला आपला आवाज डोंगरमाथ्यावरून दलाई लामा बोलल्यासारखा हवा होता. तेव्हा जेमतेम विशीतल्या जेफ एमरिक या इंजिनिअरने त्याचा आवाज हॅमंड ऑर्गनच्या फिरत्या स्पीकरमधून वाजवून घेतला. इथवर सगळं जॉनचं.

आता गाण्यात जे चित्रविचित्र आवाज येतात-जातात ते ऐका. ते टेप लूप्स आहेत. टेपचा तुकडा घ्यायचा, त्याची टोकं चिकटवून कडं करायचं आणि ते मशीनवर फिरवत ठेवायचं. आजच्या भाषेत सॅम्पल लूप, फक्त हाताने बनवलेला. ही कल्पना पॉलची! श्टॉकहाउझेनसारख्या जर्मन संगीतकाराचं काम ऐकून तो घरी टेप मशीनवर असले प्रयोग करत बसायचा. स्टुडिओच्या वेगवेगळ्या खोल्यांत मशीनं लावली, माणसं पेन्सिलीवर टेप ताणून उभी राहिली, आणि मिक्सिंग डेस्कवर एकेक लूप हाताने वरखाली करत ते गाण्यात मिसळले गेले. तो मिक्स पुन्हा जसाच्या तसा करणं शक्यच नव्हतं. सुरुवातीला समुद्रपक्ष्यासारखा जो आवाज येतो, ते वेग वाढवलेलं पॉलचं हसू आहे असं सांगतात.

बघा म्हणजे. गाणं जॉनचं, पण ते 'पुढच्या शतकातलं' वाटतं त्यात पॉलचा हात केवढा मोठा आहे! आणि रिंगोच्या त्या ड्रम्सशिवाय तर ते उभंच राहिलं नसतं, पण तो वेगळा भाग होईल.

'अँड युवर बर्ड कॅन सिंग'चंही तसंच. जॉनने पुढे या गाण्याला नावं ठेवली. पण आपण ते परत परत लावतो ते कशासाठी? त्या दोन गिटार जोडीने धावतात त्यासाठी. त्या वाजवल्यात पॉल आणि जॉर्जने.

आता उलट बाजू. पॉलच्या गाण्यांत जॉन किती? 'फॉर नो वन'मध्ये जॉन वाजवतही नाही आणि गातही नाही. पॉल, रिंगो आणि फ्रेंच हॉर्न वाजवायला बोलावलेला ॲलन सिव्हिल, एवढीच माणसं. 'एलेनॉर रिग्बी'मध्ये तर बीटल्सपैकी कुणीच वाद्याला हात लावलेला नाही. जॉर्ज मार्टिनने लिहिलेली आठ तंतुवाद्यं: चार व्हायोलिन, दोन व्हायोला, दोन चेलो. माईक वाद्यांच्या इतके जवळ ठेवले की गज घासल्याचा आवाज अंगावर येतो.

याच गाण्याच्या शब्दांवरून मोठा वाद आहे. जॉनने नंतरच्या मुलाखतींत दावा केला, की बरेचसे शब्द आपले. पॉलच्या मते हिशेब साधारण ८० विरुद्ध २०, आणि ८० त्याचे. जॉनचा बालमित्र पीट शॉटन शब्द जुळवताना तिथे हजर होता, आणि त्याने चक्क पॉलची बाजू घेतली. मला इथे पॉलचं पटतं. एकाकी माणसांकडे असं खिडकीबाहेरून, नावानिशी, गोष्टीतल्या पात्रांसारखं बघणं ही पॉलची खोड आहे. जॉन असता तर गाणं 'मी'ने सुरू झालं असतं.

कानाने ओळखायची एक युक्तीही आहे, ती इयन मॅकडोनल्ड या समीक्षकाची. तो म्हणतो, जॉनची चाल आडवी जाते आणि पॉलची उभी. जॉन एका सुराच्या आसपास, बोलल्यासारखा रेंगाळतो आणि खालचे कॉर्ड्स बदलत राहतात. पॉल स्वरांच्या पायऱ्या चढतो-उतरतो. 'आय ॲम ओन्ली स्लीपिंग' आणि 'हिअर, देअर अँड एव्हरीव्हेअर' एकामागोमाग लावा, लगेच कळेल. या दोन गाण्यांची गोष्टही मजेशीर आहे. एक आहे जॉनच्या झोपेच्या प्रेमाबद्दल. आणि दुसरं पॉलने लिहायला घेतलं ते जॉनच्याच घरी, पोहण्याच्या तलावाकाठी, जॉन झोपेतून उठायची वाट बघत! जॉनला हे गाणं फार आवडायचं, आणि त्याने ते बोलूनही दाखवलं.

'डॉक्टर रॉबर्ट' आणि 'गुड डे सनशाईन'वर मी वेळ घालवत नाही. ऐकायला छान आहेत, पण आपल्या प्रश्नात भर घालत नाहीत.

'यलो सबमरीन' मात्र घालतं. वर्षानुवर्षं हे पॉलचं बालगीत मानलं जायचं. २०२२ मध्ये 'रिव्हॉल्व्हर'ची मोठी आवृत्ती निघाली आणि त्यात जॉनचं घरगुती टेपिंग बाहेर आलं. एकटा जॉन, एक गिटार, आणि कडव्याची तीच चाल, पण शब्द वेगळे आणि अगदी उदास. जिथे जन्मलो तिथे कुणाला आपली पर्वा नव्हती, असा सूर. म्हणजे कडव्याचं बीज जॉनचं होतं, आणि त्या उदासीला पाणबुडीत बसवून पोराटोरांच्या तोंडी दिलं ते पॉलने. साठएक वर्षं सगळ्यांच्या ओठांवर असलेल्या गाण्याचा हिशेब एका टेपने बदलला.

असले हिशेब गणितानेही करून झालेत. मार्क ग्लिकमन आणि जेसन ब्राऊन यांच्या गटाने बीटल्सच्या गाण्यांतले कॉर्ड्स आणि चालीतले स्वरबदल मोजून संगणकाला दोघांच्या सवयी शिकवल्या. १९६५ च्या 'इन माय लाईफ'ची चाल आपली, असं पॉल सांगत आलाय. त्यांच्या मॉडेलने त्याची शक्यता कमीच दाखवली. मला हे काम आवडतं, पण त्यावर डोळे मिटून विश्वास नाही. मॉडेल सवयी मोजतं, आणि हे दोघं तर एकमेकांच्या सवयी चोरण्यात पटाईत होते. 'एलेनॉर रिग्बी' दोनच कॉर्ड्सवर चालतं, म्हणजे पॉल तिथे जॉनसारखा एका जागी ठाण मांडून बसलाय.

एक नाव मध्येच सांगतो. जॉर्जच्या 'लव्ह यू टू'वर तबला कुणाचा? अनिल भागवत. आडनाव वाचून दचकलात ना? त्यांचं नाव मूळ कव्हरवर छापलं होतं. पॉलच्या टेप लूप्सना मात्र तिथे जागा नाही.

तर माझं मत विचाराल तर, 'रिव्हॉल्व्हर'मधली पॉलची गाणी गाणी म्हणून जास्त पक्की आहेत. ती स्टुडिओत येतानाच पूर्ण होऊन येतात. जॉनची गाणी अर्धी उघडी येतात, आणि त्या उघड्या दारातून पॉल, जॉर्ज, एमरिक, मार्टिन सगळे आत शिरतात. म्हणून अल्बमचा नवा आवाज जॉनच्या गाण्यांत घडतो, पण तो जॉनने एकट्याने घडवलेला नाही. आणि जिथे पॉल आतच आला नाही असं म्हणतात ते 'शी सेड शी सेड'. २१ जूनला, अगदी शेवटी रेकॉर्ड झालेलं. पॉलच्या आठवणीप्रमाणे भांडण झालं आणि तो निघून गेला. गाणं झकास आहे, जॉनचे दोन तुकडे सांधायला जॉर्जने मदत केली. पण ऐकताना मला पुढची चार वर्षं आत्ताच ऐकू येतात.

हे सगळं एवढं कुरतडायचं कशाला? १९८० मध्ये जॉनचा खून झाला आणि त्यानंतर एक सोपी गोष्ट रूढ झाली: जॉन बंडखोर प्रतिभावंत, पॉल गोड चालींचा कारागीर. जिवंत माणसाला याच्याशी भांडणं अवघड जातं, भांडला की कोता वाटतो. पॉलने २००२ च्या लाइव्ह अल्बमवर १९ गाण्यांखाली नावांचा क्रम उलटा केला, स्वतःचं आधी. योको ओनोची हरकत आली आणि लोकांनीही त्याला बरंच सुनावलं. मला तेव्हाही तो क्षुल्लकपणा वाटला नव्हता. ज्याचे टेप लूप्स लोक आजही जॉनच्या खात्यावर जमा करतात, त्याला एकदा तरी असं करावंसं वाटणारच.

हेडफोन सापडले की 'टुमॉरो नेव्हर नोज' लावा आणि या वेळी आवाजाकडे लक्ष देऊ नका, त्याच्या मागे काय चाललंय ते ऐका. कुठला लूप कशाचा असेल याचे अंदाज पाठवा, पुढच्या भागात वाचून दाखवतो.